मोगल्ससाठी पश्चिमेला जाताय? आखणी या क्रमाने करा

ऑक्टोबर लागला की न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडच्या आपल्या मंडळींचे फोन येऊ लागतात. "डेन्व्हरची तिकिटं काढलीत, फेब्रुवारीत पाच दिवस जातोय, मोगल्ससाठी कुठे जाऊ?" मला हळहळ वाटते, कारण हा प्रश्न तिकिटं काढायच्या आधी विचारायला हवा होता. मोगल्स म्हणजे उतारावरचे बर्फाचे उंचवटे आणि त्यांच्यामधले खळगे. त्यांच्यासाठी केलेली सहल नेहमीच्या स्की सहलीसारखी आखली, तर पैसा आणि गुडघे दोन्ही वाया जातात.

क्रम असा ठेवा : आधी उतार, मग तारखा, मग पास, मग सामान, मग प्रवास. बहुतेक जण नेमकं उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. खाली सगळे टप्पे ओळीने दिले आहेत. तुम्ही पूर्वेकडच्या डोंगरांवर तीन-चार हंगाम स्की केलं आहे, ब्लॅक डायमंडवरून (म्हणजे अवघड उतारावरून) न पडता खाली येता आणि आता उंचवट्यांची चटक लागली आहे, असं धरून लिहितोय.

## टप्पा १ : आधी स्वतःची परीक्षा (सहलीआधी निदान एक हंगाम)

नीट ग्रूम केलेल्या, म्हणजे यंत्राने सपाट केलेल्या, मध्यम चढाच्या उतारावर जा. ग्रूमिंग यंत्राने सोडलेला एक पट्टा निवडा आणि त्या पट्ट्याच्या बाहेर न जाता, एकाच वेगाने, लहान लहान वळणं घेत खाली या. वळणं वीस तरी हवीत. वेग वाढत गेला किंवा पट्टा सुटला, तर उंचवट्यांत तुम्हाला तिसऱ्या-चौथ्या वळणाला थांबावं लागेल.

दुसरी परीक्षा साइड-स्लिपची. स्की उताराला आडव्या ठेवून, कडा थोड्या सैल करून सरळ खाली घसरत या. डावीकडे तोंड करून आणि उजवीकडे तोंड करूनही. प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते. उंचवट्यांत घाबरल्यावर सुटकेचा मार्ग हाच, आणि तो कच्च्या बाजूलाच लागतो.

इशारा : "मी डबल ब्लॅकवरून (सर्वांत अवघड उतारावरून) उतरलोय" हे मोगल्सच्या तयारीचं माप नाही. रुंद उतारावर मोठी वळणं घेत कोणीही वेळ मारून नेतो. इथे वळण कुठे घ्यायचं हे समोरचा उंचवटा ठरवतो.

दोन्ही परीक्षा जमल्या नाहीत तरी सहल रद्द करू नका. पण मग पाचांतल्या दोन दिवसांसाठी मोगल्सचं शिक्षण आधीच ठरवून ठेवा. शेवटच्या क्षणी बम्प्स (मोगल्सचंच दुसरं नाव) शिकवणारा प्रशिक्षक मिळेलच असं नाही.

## टप्पा २ : उतार निवडा, रिसॉर्ट आपोआप ठरतं

स्पर्धेचे कोर्स सोडले तर उंचवटे सहसा कोणी बांधत नाही. शेकडो स्कीअर त्याच त्याच जागी वळतात, बर्फ ढकलला जातो, ढीग होतात, खळगे खोल होत जातात. त्यामुळे चांगल्या मोगल्सना तीन गोष्टी लागतात : पुरेसा चढ, पुरेशी वर्दळ आणि यंत्र न फिरवण्याचं धोरण. बऱ्याच नावाजलेल्या रिसॉर्टमध्ये पहिल्या दोन असतात, तिसरी नसते. तिथले बरेच उतार रोज रात्री गुळगुळीत केलेले असतात, आणि आपली मंडळी हिरमुसतात.

पहिल्या सहलीसाठी माझं मत स्पष्ट आहे : कोलोरॅडोतल्या विंटर पार्कचा मेरी जेन हा भाग. तिथे आउटहाउस, ड्रंकन फ्रेंचमन यांसारखे लांबच लांब बम्प-रन (उंचवट्यांचे उतारमार्ग) आहेत आणि ते तसेच राखलेले असतात. शेजारी विंटर पार्कच्या बाजूला ग्रूम केलेले सौम्य उतार आहेत, म्हणून बरोबरच्या कुटुंबाचीही सोय होते. आउटहाउसचे उंचवटे मोठे आणि खळगे खोल. पहिल्या दिवशी तिकडे बघायचंसुद्धा नाही.

युटामध्ये डियर व्हॅलीचा चॅम्पियन हा रन २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये मोगल्सचा होता. त्यावरून खाली येण्याची हौस अनेकांना असते. स्पर्धा आणि तिची तयारी चालू असताना तो बंद असतो, म्हणून आधी तपासा. डियर व्हॅली आणि आल्टा इथे स्नोबोर्डना बंदी आहे. त्याचा आपल्याला फायदा असा की उंचवटे फक्त स्कीच्या वळणांनी घडतात, त्यांचा आकार जास्त नियमित राहतो, ताल सापडतो. स्नोबोर्डचं वळण लांब असतं, आणि त्याने बहुधा उंचवट्यांच्या ओळी मोडतात.

न्यू मेक्सिकोतल्या ताओसमधला अल्स रन आणि कोलोरॅडोतल्याच टेल्युराइडचे कांट-मॅक-एम, स्पायरल स्टेअर्स हे दुसऱ्या-तिसऱ्या सहलीसाठी ठेवा. उतार अस्सल, पण पोचायला वेळ जातो. पहिल्या खेपेला तो वेळ बर्फावर घालवलेला बरा.

तपासणी : रिसॉर्टच्या संकेतस्थळावर रोजचा ग्रूमिंग रिपोर्ट असतो. आदल्या हंगामात आठवडाभर तो रोज पाहा, आणि उलटा वाचा. काय ग्रूम केलं हे बाकीच्यांना हवं असतं; काय सोडून दिलं, हे आपल्याला. जे ब्लॅक रन आठवडाभर यादीत आलेच नाहीत, तिथे तुमचे मोगल्स आहेत. अर्धा उतार ग्रूम करून अर्धा तसाच सोडलेले रन दिसले, तर त्यांची नावं वेगळी लिहून ठेवा. टप्पा ७ मध्ये ती सोन्यासारखी कामाला येतील.

## टप्पा ३ : तारखा

डिसेंबरात जाऊ नका. बर्फ पातळ असतो, वर्दळ अजून झालेली नसते. खळग्याच्या तळाशी दगड आणि झुडपांचे बुंधे लागतात. नाताळची सुट्टी मिळते म्हणून सहल तेव्हाच काढायची, ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे.

जानेवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला. त्यातही मार्चचा दुसरा पंधरवडा मला सर्वांत आवडतो. रात्री गोठतं, दहा-अकराला ऊन लागून वरचा थर मऊ होतो, आणि उंचवटे पायाखाली दबतात. व्हर्मॉन्टच्या काचेसारख्या कडक बम्प्सवर शिकलेल्या माणसाला हा फरक पहिल्याच वळणाला कळतो. फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा आठवडा टाळा : लिफ्टच्या रांगा मोठ्या, खोल्या महाग, आणि उंचवटे न जमणाऱ्यांची गर्दी.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. मोठा बर्फ पडला की उंचवटे बुजतात आणि पुन्हा घडायला दोन-तीन दिवस जातात. पावडरवाल्यांची, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फाच्या शौकिनांची मेजवानी म्हणजे आपला थांबा. म्हणून तीन दिवसांची सहल काढू नका, पाच दिवस तरी हवेत. एक वादळ मध्ये आलं तरी दोन दिवस हाताशी राहतात.

## टप्पा ४ : पास, विमान, विमा

आता कुठे पैसे खर्च करायची वेळ आली.

मोठ्या रिसॉर्टच्या खिडकीवर एका दिवसाचं तिकीट २०० डॉलरच्या वर जातं. म्हणून पास आधी घ्या. एकाच पासावर अनेक रिसॉर्ट चालतात असे मुख्य पास दोन, इपिक आणि आयकॉन. विंटर पार्क, डियर व्हॅली, आल्टा, स्नोबर्ड आणि ताओस आयकॉनवर आहेत. ब्रेकेनरिज, व्हेल इपिकवर. न्यू जर्सीहून जवळचं हंटर इपिकवर आणि व्हर्मॉन्टचं किलिंग्टन आयकॉनवर असल्यामुळे खूप जण आधी घराजवळचा विचार करून पास घेतात आणि मग पश्चिमेचं रिसॉर्ट त्या पासवर शोधतात. उतार आधी ठरवायला सांगितलं, ते यासाठीच. भाव वसंतात सर्वांत कमी असतो, नंतर टप्प्याटप्प्याने चढतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला विक्री बंद होते.

इशारा : स्वस्त प्रकारच्या पासवर काही तारखा बंद असतात. तुमच्या पाच दिवसांतला प्रत्येक दिवस त्या यादीशी ताडून पाहा.

विमानाबाबत एवढंच : दुपारपर्यंत पोचणारं निवडा. बहुतेक अमेरिकन कंपन्या स्कीची पिशवी आणि बुटांची पिशवी मिळून एकच नग धरतात, पण वजन दोन्हींचं मिळून ५० पाउंडांत बसवावं लागतं. तुमच्या कंपनीचा नियम वाचून घ्या. बूट मात्र हातातल्या सामानातच न्या. स्की हरवल्या तर भाड्याने मिळतात. तुमच्या पायाला घडवलेले बूट मिळत नाहीत.

आरोग्य विम्याचं जाळं त्या राज्यात लागू आहे का, हे आधी विचारा. पुण्या-मुंबईहून आलेला भाऊ किंवा भाचा बरोबर येणार असेल, तर त्याच्या प्रवास विम्यात स्कीइंग धरलं आहे का, हे पॉलिसीच्या कागदात स्वतः वाचा. साध्या पॉलिसीत साहसी खेळ बरेचदा वगळलेले असतात.

## टप्पा ५ : शरीर आणि सामान (आठ आठवडे आधीपासून)

उंचवट्यांत मांड्यांचं काम धक्का झेलण्याचं असतं. वर चढताना स्नायू आखडतो, इथे तो ताणला जात असताना भार उचलतो. जिममध्ये नुसतं सायकल चालवून ही तयारी होत नाही. आठवड्यातून तीनदा हे करा :

- पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच चार मोजत सावकाश जमिनीला टेकवायची. प्रत्येक पायाने पंधरा वेळा.
- भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं बसणं. ४५ सेकंदांपासून सुरुवात, दोन मिनिटांपर्यंत.
- जमिनीवर पट्टी आखून दोन्ही पाय जोडून डावी-उजवीकडे उड्या. खांदे स्थिर, डोळे समोर. वीस सेकंद, मग विश्रांती, असं सहा वेळा.

गुडघा उडी घेताना आत वळत असेल तर आधी ते सुधारा. आरशासमोर केलं तर दिसतं.

आता स्की. मी पहिल्या सहलीला दुकानदाराच्या सांगण्यावरून भाड्याने रुंद स्की घेतल्या. "पश्चिमेला हेच लागतं," असं तो म्हणाला, आणि पावडरसाठी ते खरंही होतं. उंचवट्यांत मात्र एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला त्यांना एवढा वेळ लागे की प्रत्येक वळण उशिरा सुरू व्हायचं आणि मी खळग्याच्या पलीकडच्या भिंतीवर आदळायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी उजवा गुडघा सुजून पायजमा घट्ट झाला होता. उरलेले दोन दिवस मी लॉजच्या खिडकीतून उतार पाहिला.

खास मोगल स्की कमरेला (मधल्या अरुंद भागात) ६५ मिलिमीटरच्या आसपास असतात. त्या नसतील तर ८० ते ८८ मिलिमीटरच्या ऑल-माउंटन स्की चालतात, लांबी हनुवटी ते नाकापर्यंत. १०० च्या पुढच्या घेऊ नका. पोल (हातातल्या काठ्या) नेहमीच्यापेक्षा साधारण पाच सेंटिमीटर आखूड घ्या. लांब पोल उंचवट्यावर टेकला की हात मागे ढकलला जातो, खांदा वळतो आणि वजन टाचांवर येतं. बाइंडिंगची (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीची) तपासणी त्याच हंगामात दुकानातून करून घ्या. वजन आणि वय सांगताना लाजून कमी-जास्त सांगू नका, बूट सुटण्याचा आकडा त्यावरच ठरतो.

## टप्पा ६ : पोचणं आणि उंचीशी जुळवून घेणं

किलिंग्टनचं शिखर ४,२४१ फुटांवर आहे. विंटर पार्कचा पायथाच सुमारे ९,००० फुटांवर, आणि लिफ्टने १२,००० च्या वर जाता येतं. म्हणजे तुम्ही झोपणार आहात तीच जागा तुमच्या ओळखीच्या शिखराच्या दुप्पट उंच.

पहिली रात्र डेन्व्हरमध्ये, ५,२८० फुटांवर काढा. एक दिवस वाया जातो असं वाटतं, पण त्या बदल्यात पुढचे दिवस चांगले जातात. पाणी पीत राहा, पहिले दोन दिवस दारू नको, जेवण हलकं. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही नेहमीची लक्षणं आहेत. ती असताना आणखी वर जाऊ नका. आधी त्रास झालेला असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना औषधाबद्दल विचारा.

इशारा : बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ. यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता खाली उतरा आणि वैद्यकीय मदत घ्या.

डेन्व्हरहून इंटरस्टेट ७० ने निघून यूएस ४० वर वळायचं आणि ११,३०७ फुटांची बर्थूड खिंड ओलांडायची. शनिवारी सकाळी डोंगराकडे आणि रविवारी दुपारी परतीला गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. निघण्याचा दिवस आठवड्याच्या मध्ये ठेवा. हिवाळ्यात या रस्त्यांवर टायरचा नियम आहे : बर्फाळ रस्त्यासाठीचे टायर आणि किमान ३/१६ इंच खाच. भाड्याची गाडी मिळाली की आवारातच टायर पाहा. ताबा घेऊन निघाल्यावर तक्रारीचा उपयोग नाही. गाडी चालवायचीच नसेल तर डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून हिवाळ्यात ठराविक दिवशी थेट विंटर पार्कला रेल्वेगाडी जाते. ती रुळावरची दोन तासांची वाट मला सर्वांत निश्चिंत वाटते.

किचन असलेली खोली घ्या. ९,००० फुटांवर पाणी साधारण ९१ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. मुगाची डाळ भिजवून ठेवा किंवा लहान कुकर सोबत न्या. संध्याकाळी दमून आल्यावर मऊ खिचडी, तूप आणि मेतकूट पोटाला जेवढं मानवतं, तेवढं लॉजमधलं तळलेलं खाणं मानवत नाही.

## टप्पा ७ : पाच दिवसांची मांडणी

पहिला दिवस. अर्धाच. फक्त ग्रूम केलेले उतार, लहान वळणांचा सराव. दुपारी दोनला बंद. उंचवट्यांत शिरायचा मोह होईल. पाय ताजे वाटतात, पण शरीरात प्राणवायू कमी पडत असतो आणि ते शेवटच्या दहा वळणांत कळतं.

दुसरा दिवस. अर्धा ग्रूम केलेला, अर्धा सोडलेला रन शोधा. कडेच्या उंचवट्यांत पाच वळणं घ्या, बाहेर पडा, पुन्हा पाच. मग दहा. बाहेर पडायची वाट शेजारीच असल्यामुळे मन शांत राहतं आणि पवित्रा बिघडत नाही.

तिसरा दिवस. हा मुख्य. मेरी जेनचा पायथा विंटर पार्कच्या पायथ्यापासून वेगळा आहे. गावातून मोफत बस थेट तिथे जाते. वर जाण्याआधी परतीच्या लिफ्टची बंद होण्याची वेळ पाहून ठेवा.

तपासणी, प्रत्येक सकाळी : रनच्या तोंडाशी थांबा आणि पहिल्या उंचवट्याच्या पाठीवर पोलचं टोक टेकवा. "टक" असा आवाज येऊन टोक उसळलं, तर बर्फ अजून गोठलेला आहे. अर्धा-पाऊण तास ग्रूम केलेल्या उतारावर घालवा. टोक दबून "फस्" करत दोन बोटं आत गेलं, तर निघा. पूर्वेकडे तोंड असलेले उतार आधी मऊ होतात, पश्चिमेकडचे दुपारी. उत्तरेकडचे दिवसभर कडक राहू शकतात. ऊन ज्या क्रमाने फिरतं त्या क्रमाने तुम्हीही रन बदलत जा.

उतारावर या चुका सर्वांत जास्त होतात :

- नजर स्कीच्या टोकांवर. समोरच्या तिसऱ्या उंचवट्याकडे पाहा. पहिल्या दोघांचा हिशेब पायांनी आधीच केलेला असतो.
- पोल टेकल्यावर हात मागे राहणं. टेकवला की मूठ लगेच पुढे, जणू ताट धरलंय.
- पहिल्याच दिवशी झिपर लाइन, म्हणजे खळग्यांतून सरळ खाली जाणारी ओळ पकडणं. आधी उंचवट्याच्या खांद्यावरून, रुंद वाटेने, प्रत्येक वळणाला वेग मारत या.
- उंचवट्याच्या मागे थांबणं. वरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. थांबायचं ते कडेला, नजरेच्या टप्प्यात.

चौथा दिवस. उंचवटे नाहीत. हा दिवस गाळणारेच पाचव्या दिवशी जखमी होतात. कुटुंबाबरोबर सौम्य उतारांवर फिरा, संध्याकाळी पाय चोळून घ्या.

पाचवा दिवस. अकरा ते दीड. आता आउटहाउस बघा. मधूनमधून थांबत, एका वेळी दहा वळणं. मांड्या थरथरू लागल्या की तो दिवस संपला, मग घड्याळात काहीही वाजलेलं असो. "एक शेवटचा रन" ठरवून घेऊ नका. जो घेतला तोच शेवटचा होता, असं मागाहून म्हणायचं.

## टप्पा ८ : परतीचा दिवस

सकाळी स्की नको. इंटरस्टेट ७० अपघाताने किंवा बर्फाने बंद झाला, तर दोन-तीन तास सहज जातात. विमानाच्या वेळेला तेवढे आधीच जोडा.

आदल्या रात्री बुटांची अस्तरं बाहेर काढून खोलीत वाळत ठेवा, हीटरला चिकटवून नव्हे. स्कीच्या कडा कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर घरी पोचेपर्यंत गंज धरतो. ओले कपडे, ओली अस्तरं तशीच भरली तर येताना ४८ पाउंड असलेली पिशवी काउंटरवर ५३ भरते, आणि तिथे जमिनीवर बसून मेतकुटाचा डबा हातातल्या पिशवीत हलवावा लागतो.